गावरान भेदराची चव बाजारातल्या टमाटरला का येत नाही? घरच्या घरी अशी करा तुलना

बाभुळगाव असो, कळंब असो नाहीतर यवतमाळ. बाजारात टमाटरच्या ढिगापुढे उभं राहिलं की एक प्रश्न हमखास कानावर पडतो, "गावरान आहे का?"

विकणारा "हो" म्हणाला की गिऱ्हाईक फळ हातात घेऊन दाबून बघतं. लहान, चपटं, अंगावर घड्या असलेलं आणि दाबलं की लगेच नमणारं असेल तर ते गावरान. लांबट, गुळगुळीत, चेंडूसारखं टणक असेल तर ते हायब्रीड. विदर्भात जुनी माणसं टोमॅटोला आजही भेदरं म्हणतात आणि भेदराची चटणी करायची तर गावरानच हवं, यावर घराघरात एकमत असतं.

पण हे गावरान म्हणजे नेमकं काय? ते खरंच जास्त चवदार असतं की तो नुसता आठवणींचा खेळ आहे? आणि परसात चार-पाच रोपं लावायची असतील तर कोणतं वाण निवडायचं? एकेक करून बघू.

आधी एक धक्का: टोमॅटो मुळात गावरान नाहीच

टोमॅटोचे रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या पट्ट्यातले. मेक्सिकोत त्याची शेती रुळली. तिथल्या नाहुआत्ल भाषेतल्या 'तोमात्ल' या शब्दावरून टोमॅटो हे नाव आलं. भारतात तो पोर्तुगीजांसोबत आला. म्हणजे मिरची आणि बटाट्यासारखाच हाही समुद्रापारचा पाहुणा.

मग आपण ज्याला गावरान म्हणतो ते काय? ते एकच एक वाण नाही. कधीकाळी कुणीतरी लावलेलं, त्याच फळांचं बी धरत धरत वर्षानुवर्षं त्याच मातीत वाढलेलं आणि नाव विसरलं गेलेलं बियाणं, म्हणजे गावरान. त्यातलं काही बियाणं खरंच जुनं असेल, तर काही सरकारी संस्थांनी काढलेल्या जुन्या सुधारित वाणांचंही असू शकतं. त्यामुळे एका गावचं गावरान टमाटर दुसऱ्या गावच्या गावरानपेक्षा चवीला वेगळं लागू शकतं. दोन्ही खरीच.

चव म्हणजे नक्की काय?

टोमॅटोच्या चवीचे चार भाग आहेत.

पहिला भाग साखरेचा. टोमॅटोत मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं. रसातले विरघळलेले घटक 'ब्रिक्स' या मापात मोजतात आणि त्यात मोठा वाटा साखरेचा असतो. बाजारातल्या साध्या टोमॅटोचा ब्रिक्स साधारण ४ ते ५ असतो. चांगल्या चेरी टोमॅटोचा ८ च्या आसपास किंवा त्याहूनही वर जातो.

दुसरा भाग आंबटपणाचा. तो मुख्यतः सायट्रिक आणि मॅलिक आम्लामुळे येतो. नुसती साखर असेल तर टोमॅटो मिळमिळीत लागतो, नुसतं आम्ल असेल तर दात आंबतात. दोन्ही भरपूर असतील तेव्हा तोंडाला पाणी सुटतं.

तिसरा भाग ग्लुटामेटचा. डाळ, मटण किंवा मशरूमच्या रश्श्याला जी भरीव चव असते, ती यामुळे. २००७ मध्ये इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं की टोमॅटोच्या बाहेरच्या गरापेक्षा बियांभोवतीच्या बुळबुळीत रसात ग्लुटामिक आम्ल कितीतरी जास्त असतं. म्हणजे बिया आणि रस काढून टाकून कोशिंबीर करणारे लोक टोमॅटोतला सगळ्यात चवदार भाग फेकून देत असतात.

चौथा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग वासाचा. टोमॅटोत हवेत उडणारे शेकडो सुगंधी घटक असतात. त्यातले वीस-पंचवीस चवीसाठी महत्त्वाचे. कुठला कापलेल्या गवतासारखा, कुठला फुलासारखा, कुठला फळासारखा. खात्री करायची असेल तर नाक चिमटीत धरून टोमॅटोची फोड खा. नुसतं आंबट-गोड पाणी लागेल. मग नाक सोडा. 'टोमॅटो' तेव्हा लागतो.

मग बाजारातल्या टमाटरचं बिनसलं कुठे?

फळ तेच, मग चव गेली कुठे? याची उत्तरं गेल्या काही वर्षांत बरीच स्पष्ट झाली आहेत.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठाचे हॅरी क्ली, डेनिस टीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास मांडला. त्यांनी जवळपास ४०० वाणांची जनुकं तपासली. त्यातली साधारण १०० वाणं सामान्य लोकांना चाखायला देऊन गुण घेतले. निष्कर्ष असा की जुन्या वाणांच्या तुलनेत आधुनिक व्यापारी वाणांमध्ये १३ महत्त्वाचे सुगंधी घटक बरेच कमी झाले आहेत.

हे कुणी मुद्दाम केलेलं नाही. वाण तयार करताना उत्पादन, फळाचा आकार, रोगप्रतिकार आणि टणकपणा बघितला गेला. शेतकऱ्याला वजनाचे पैसे मिळतात, चवीचे नाही. चव मोजणारं कुणी नव्हतं, म्हणून ती हळूहळू निसटत गेली.

दुसरी गोष्ट रंगाची. जुन्या वाणांचं कच्चं फळ पाहिलंत तर देठाजवळ गडद हिरवा पट्टा दिसतो. त्याला 'हिरवे खांदे' म्हणतात. असं फळ एकसारखं पिकत नाही, म्हणून व्यापाऱ्यांना ते नको असायचं. त्यामुळे कच्चेपणी सगळीकडून एकसारखी फिकट हिरवी दिसणारी वाणं निवडली गेली. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ॲन पॉवेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या निवडीत फळातलं हरितद्रव्य वाढवणारं एक जनुकच निकामी झालं होतं. ते चालू असेल तर फळ स्वतःही थोडी साखर बनवतं. दिसायला देखणं फळ हवं म्हणून गोडवा गेला, तो असा.

तिसरी गोष्ट प्रवासाची. नारायणगाव, पिंपळगाव बसवंत, संगमनेर हे महाराष्ट्रातले टोमॅटोचे मोठे पट्टे. तिथून किंवा आंध्र-कर्नाटकातून फळ विदर्भात यायचं तर ते लाल होण्याआधीच तोडावं लागतं. रंग फुटायला लागल्यावर तोडलेलं फळ वाटेत बऱ्यापैकी पिकतं. पण त्याआधीच, पूर्ण हिरवं असताना तोडलं, तर ते लाल होतं खरं, चवीत मात्र कमी पडतं.

आणि चौथी चूक आपल्याच घरात होते. फ्रीज! २०१६ मध्ये फ्लोरिडा आणि कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी पिकलेले टोमॅटो ५ अंश सेल्सिअसला ठेवून बघितले. आठवड्याभराच्या थंडीनंतर फळातले सुगंधी घटक ६५ टक्क्यांपर्यंत घटले होते. नंतर बाहेर काढून ठेवलं तरी वास पूर्ण परतला नाही. साखर आणि आंबटपणा मात्र जवळपास तेवढाच राहिला. म्हणजे फ्रीजने चव मारली ती वासाची.

परसासाठी कोणकोणती वाणं आहेत?

आता मुद्द्यावर येऊ. घरी लावून चव तपासायची तर कुणाकुणाला शर्यतीत उतरवायचं?

गावरान: लहान, चपटं, घड्यांचं, पातळ सालीचं. रस भरपूर आणि आंबटपणा ठसठशीत. तोडल्यावर फार टिकत नाही. शिजवलं की पटकन विरघळतं, म्हणून चटणीसाठी आणि सारासाठी पहिली पसंती.

पुसा रूबी: दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं जुनं, सरळ वाण. लवकर येणारं, चपट-गोल फळ, हलक्या घड्या, रसदार आणि आंबटसर. पुष्कळांना याची चव 'आपल्या लहानपणच्या टमाटरसारखी' वाटते. ते साहजिक आहे, कारण अनेक वर्षं हेच वाण गावोगावी लावलं गेलं.

अर्का विकास: बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने एका अमेरिकी वाणातून निवडलेलं. फळ ८० ते ९० ग्रॅमचं आणि कच्चेपणी खांदे हलके हिरवे. पाण्याचा ताण सोसतं, म्हणून ज्यांच्या घरी उन्हाळ्यात नळाला पाणी कमी येतं त्यांना सोयीचं.

धनश्री आणि भाग्यश्री: राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची वाणं. भाग्यश्रीत लाल रंग देणारं लायकोपीन जास्त असतं आणि ते प्रक्रियेसाठी चांगलं मानलं जातं. घरी सॉस किंवा प्युरी करणाऱ्यांनी हे लावून बघावं.

अर्का रक्षक: बंगळुरूच्याच संस्थेचं संकरित वाण. पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तीन रोगांना तोंड देतं. फळ ९० ते १०० ग्रॅमचं, टणक, बरेच दिवस टिकणारं. कच्चं खायला गावरानइतकं रसदार लागत नाही, पण रोग आला तरी ताटात काहीतरी येईल याची खात्री देतं.

चेरी टोमॅटो: कुंडीतही येतो आणि गोडीत बाकीच्यांना मागे टाकतो. यामागे साधं गणित आहे. झाड ठराविक साखर बनवतं. फळ जितकं मोठं तितकी ती साखर पाण्यात पातळ होते. लहान फळात ती दाट राहते. मुलांना टोमॅटो खायला लावायचा असेल तर सुरुवात इथून करा.

विलायती जुनी वाणं: ब्रँडीवाइन, ब्लॅक क्रिम, सान मार्झानो अशी नावं ऑनलाइन बियाण्यांच्या दुकानात दिसतात. चवीसाठी ती जगभर नावाजलेली आहेत, पण त्यातली मोठ्या फळांची वाणं उशिरा येतात आणि त्यांना उष्णता सोसत नाही. यवतमाळ जिल्ह्यात लावायची तर थंडीतच.

पिवळ्या टोमॅटोबद्दल एक गैरसमज आहे की तो कमी आंबट असतो. रंगावरून आंबटपणा ठरत नाही. काही पिवळ्या वाणांत साखर जास्त असते, त्यामुळे आंबटपणा जाणवत नाही, एवढंच.

बाभुळगावच्या मातीत आणि उन्हात चव कशी ठरते?

वाण चांगलं असलं तरी अर्धं काम हवामान आणि पाणी करतं.

बाभुळगाव तालुका म्हणजे काळी कसदार माती, कापूस, सोयाबीन आणि तूर. बेंबळा प्रकल्पही याच तालुक्यातला. काळी माती पाणी धरून ठेवते. कापसाला ते चालतं, पण टोमॅटोच्या मुळाशी पाणी साचलं तर फळ पाणचट होतं. कोरड्यानंतर एकदम भरपूर पाणी मिळालं तर फळाला तडे जातात. पाणी कमी-जास्त होत राहिलं की फळाला कॅल्शियम नीट पोचत नाही आणि त्याचं बूड काळं पडतं. उपाय सोपा आहे. वाफा थोडा उंच करा, मातीत शेणखत मिसळा, बुडाशी काडीकचऱ्याचं आच्छादन घाला आणि पाणी थोडं थोडं पण नियमित द्या. फळं मोठी होऊन रंग धरायला लागली की पाणी किंचित कमी करा. फळ थोडं लहान राहील, पण चव दाट होईल.

दुसरा मुद्दा तापमानाचा. दिवसा पारा ३५ अंशांच्या वर गेला आणि रात्रीही उकडत राहिलं की टोमॅटोची फुलं गळायला लागतात. ३० अंशांच्या वर लायकोपीन नीट तयार होत नाही, म्हणून उन्हाळ्यातलं फळ लाल होण्याऐवजी पिवळट-नारिंगी राहतं. यवतमाळचा मे महिना ४२ अंशांच्या वर सहज जातो. त्यामुळे चवीची खरी शर्यत हिवाळ्यात लावायची. सप्टेंबरमध्ये रोपं टाकली आणि ती २५ ते ३० दिवसांची झाल्यावर लावली, तर डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात खाण्यालायक फळं मिळतात. दिवसा स्वच्छ ऊन, रात्री गारवा. टोमॅटोला आणखी काय हवं?

तिसरा मुद्दा पांढऱ्या माशीचा. कापसावरची ही कीड टोमॅटोच्या पर्णगुच्छ विषाणूचाही प्रसार करते. पानं आकसून वळली, झाड खुरटलं की फळ कमी आणि चवही कमी. आजूबाजूला वावरात कपाशी असेल तर परसातल्या रोपांवर ती येणारच. रोपं लहान असताना बारीक जाळीखाली ठेवणं आणि पिवळे चिकट सापळे लावणं हे घरगुती पातळीवरचे चांगले उपाय.

इथे एक गंभीर गोष्टही सांगायला हवी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला होता. घरचा भाजीपाला हवा असं इथल्या लोकांना वाटण्यामागे चवीइतकीच ही आठवणही आहे. त्यामुळे कपाशीसाठी आणलेलं औषध उरलं म्हणून ते परसातल्या टमाटरवर मारू नका. औषधाचे रिकामे डबे कापून त्यात रोपं लावू नका. शेजारच्या वावरात फवारणी चालू असेल तर त्या दिवशी परसातली फळं तोडू नका.

चव तपासायची तर अशी

आता प्रत्यक्ष परीक्षा. बहुतेक लोक बाजारातलं हायब्रीड आणि घरचं गावरान यांची तुलना करतात आणि निकाल लावून मोकळे होतात. पण ही तुलना खोटी आहे. एक आठवडाभर प्रवास करून आलेलं, दुसरं सकाळी तोडलेलं. फरक वाणाचा की ताजेपणाचा, हे कळणार कसं?

म्हणून हे नियम पाळा.

१. सगळी वाणं एकाच वाफ्यात, एकाच दिवशी लावा. खत-पाणी सारखंच द्या. प्रत्येक वाणाची निदान दोन-तीन रोपं असू द्या.

२. सगळी फळं एकाच दिवशी, झाडावर पूर्ण रंग आल्यावर तोडा. तुलनेआधी फ्रीजमध्ये ठेवू नका.

३. फोडी अशा करा की प्रत्येकीत गर आणि बियांचा रस दोन्ही येतील.

४. ताटल्यांवर नावं न लिहिता आकडे लिहा. कोणत्या आकड्याला कोणतं वाण हे फक्त एकालाच माहीत हवं आणि त्याने चाखायचं नाही. जमलं तर चाखणाऱ्याचे डोळे बांधा, कारण लाल रंग बघून जीभ आधीच गोड म्हणते.

५. आधी बिनमिठाचं चाखा. दोन वाणांच्या मध्ये पाण्याचा घोट घ्या. गोडी, आंबटपणा, वास, रस आणि साल अशा पाच गोष्टींना ५ पैकी गुण द्या.

६. मग तीच वाणं शिजवा. सारखं तेल, सारखी मिरची, सारखं मीठ. वरून सांबार घाला, म्हणजे तीच कोथिंबीर, पण ती सगळ्यात सारखीच.

७. ही परीक्षा मोसमात दोन-तीनदा करा. पावसानंतरच्या फळाची आणि आठ दिवस कोरड्या उन्हानंतरच्या फळाची चव सारखी नसते.

अशा परीक्षेत एक गंमत बाहेर येऊ शकते. कच्चं खाताना पहिलं आलेलं वाण चटणीत पहिलं येईलच असं नाही. चेरी टोमॅटो कोशिंबिरीत बाजी मारेल, पण चटणीत त्याची साल वेगळी होऊन गोळा होईल. गावरान नुसतं खाताना काहींना फार आंबट वाटेल, पण तव्यावर भाजून, हिरवी मिरची आणि लसूण घालून कुटलं की तेच आंबटपण हवंहवंसं होईल. टणक संकरित फळ सँडविचमध्ये चकत्या धरून ठेवेल, पण सारात पाणी आणि गर वेगळे दिसतील. 'सगळ्यात चवदार टोमॅटो कोणता' हा प्रश्न अर्धाच आहे. 'कशासाठी' हा उरलेला अर्धा.

चव आवडली, पुढे काय?

इथे खरा फरक पडतो. आवडलेलं वाण गावरान, पुसा रूबी किंवा अर्का विकाससारखं सरळ असेल तर त्याचं बी तुम्ही घरी धरू शकता. टोमॅटोचं फूल बहुतेक वेळा स्वतःचं स्वतःच फळतं, त्यामुळे पुढच्या पिढीतही चव साधारण तशीच राहते. अर्का रक्षकसारख्या संकरित वाणाचं बी मात्र पुढच्या वर्षी तसंच येत नाही. ते दरवेळी विकत घ्यावं लागतं.

बी धरायची पद्धत सोपी आहे. चांगल्या, निरोगी झाडावरचं पूर्ण पिकलेलं फळ निवडा. बिया रसासकट वाटीत काढा आणि दोन-तीन दिवस आंबू द्या. बियांवरचा बुळबुळीत थर सुटतो. मग धुऊन, सावलीत सुकवून कागदाच्या पुडीत ठेवा. पुडीवर वाणाचं नाव आणि वर्ष लिहा.

हे काम किती मोठं होऊ शकतं, याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी पारंपरिक बियाणं असंच घरात जपायला सुरुवात केली. पुढे बायफ संस्थेच्या साथीने त्यांची बियाणं बँक उभी राहिली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आज सगळा महाराष्ट्र त्यांना 'बीजमाता' म्हणतो.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानुसार शेतकरी आपल्या शेतातलं बी ठेवू शकतो, पेरू शकतो, दुसऱ्याला देऊ शकतो आणि विकूही शकतो. अट एवढीच की संरक्षित वाणाचं बी ब्रँड लावून विकता येत नाही.

२०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटो किलोला शंभर-दोनशे रुपयांवर गेला होता आणि काही आठवड्यांतच भाव कोसळले. त्या बाजारावर घरातल्या चार रोपांनी काही फरक पडणार नाही. पण तुमच्या गावात कुणाच्या तरी परसात अजून जुनं भेदरं असेल, तर त्याचं बी कुणी धरलं नाही तर ते वाण त्या शेवटच्या झाडाबरोबर संपेल. त्यामुळे यंदा परीक्षेत जे पहिलं येईल, त्याचं सगळ्यात चांगलं एक फळ चटणीत घालू नका. ते बियांसाठी झाडावरच राहू द्या.